कापलेला पीएफ जमा झाला का?

मी सॉफ्टवेअरवाला. पगाराच्या प्रणालींवर काम केलंय, म्हणून खात्रीने सांगतो: स्लिपवर 'पीएफ कपात' छापली म्हणजे पैसे जमा झाले, असं नाही. स्लिप एकीकडे निघते, चलन दुसरीकडे भरलं जातं. भरलं नाही तरी स्लिप छापून येतेच.

महिना संपल्यावर 15 दिवसांत ही रक्कम भरायची असते. पगारातून कापून न भरणं ही नुसती दिरंगाई नव्हे. जुन्या दंडसंहितेच्या कलम 405 नुसार तो फौजदारी विश्वासघात होता. नव्या न्याय संहितेच्या कलम 316 मध्येही आहे. आपल्या बोलीत, अमानतीत खयानत.

2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की थकबाकीवर दंडात्मक नुकसानभरपाई लावायला मालकाचा वाईट हेतू सिद्ध करावा लागत नाही. जून 2024 मध्ये मात्र केंद्राने तिचा दर महिन्याला 1 टक्का केला. आधी सहा महिन्यांच्या वर थकवलं तर वर्षाला 25 टक्के लागायचे. म्हणजे सर्वात जास्त रखडवणाऱ्यालाच सूट! मला हे पटलेलं नाही.

सिक्युरिटी, हाऊसकीपिंगमध्ये आपली कितीतरी माणसं ठेकेदाराकडे आहेत. 'ठेकेदाराला विचारा' हे कंपनीचं उत्तर ऐकून परतू नका. 1952 च्या योजनेत ठेकेदाराच्या कामगारांचीही वर्गणी भरण्याची जबाबदारी मूळ मालकावर टाकलेली आहे.

यूएएन क्रमांक घ्या, उमंग ॲपवर पासबुक उघडा, महिने जुळवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचंही बघून द्या. नोंद नसेल तर भविष्य निर्वाह निधी कार्यालयात तक्रार करा, सोबत स्लिपा जोडा. म्हणून स्लिपा फेकू नका.