धरावं, पण सोडता येईल इतकंच

मिसळीची तर्री आठवा. रस्सा ताटलीत ओतला की वर तेलाचे बारीक थेंब तरंगू लागतात. थोड्या वेळानं दोन थेंब जवळ येतात, एक होतात. मग तिसरा त्यांना येऊन मिळतो. तेलाचं आणि पाण्याचं पटत नाही, हे आपल्याला स्वयंपाकघरातच कळलेलं असतं. श्रोतेहो, आज ज्या तंत्राविषयी मी बोलणार आहे, त्याचं मूळ या न पटण्यातच आहे. नाव जरा भारदस्त आहे : हायड्रोफोबिक इंटरॲक्शन क्रोमॅटोग्राफी. सोप्या भाषेत सांगायचं, तर पाण्याला बिचकणाऱ्या भागांच्या आधारे प्रथिनं वेगळी करण्याची रीत.

ती वेगळी करायची कशाला? माणसाचं इन्शुलिन आज जीवाणूंकडून किंवा यीस्टकडून बनवून घेतात. अशी कितीतरी औषधी प्रथिनं आहेत. पण पेशी फोडली की हवं ते प्रथिन एकटं बाहेर येत नाही. त्या पेशीची स्वतःची हजारो प्रथिनंही त्याच्याबरोबर येतात. त्या गर्दीतून नेमकं एक निवडायचं, आणि तेही धडधाकट! प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांची लांबलचक माळ, ठरावीक पद्धतीनं घडी घातलेली. ही घडी मोडली की त्याचं काम संपलं. उकडलेलं अंडं पुन्हा पातळ होत नाही, ते याचमुळे.

या माळेतले काही मणी तेलकट असतात. ल्युसीन, व्हॅलीन, फिनाइलॲलनीन ही त्यांची नावं. पाणी टाळण्यासाठी ते बहुतेक घडीच्या आत दडून बसतात. तरीही काही तेलकट ठिपके पृष्ठभागावर उरतातच. कुठल्या प्रथिनावर जास्त, कुठल्यावर कमी. वेगळं करायला आपल्याला हा फरक पुरतो.

इथे मीठ मदतीला येतं. फ्रान्झ हॉफमाइस्टर यांनी 1888 मध्ये प्राग इथे अंड्यातल्या प्रथिनावर वेगवेगळे क्षार वापरून पाहिले आणि कोणता क्षार प्रथिनाचा साका किती सहज करतो, याचा क्रम लावला. क्षार पाण्याला स्वतःकडे ओढून घेतात. मग तेलकट ठिपक्यांना एकमेकांचा आधार घ्यावा लागतो. पुढे स्वीडनचे आर्ने टिसेलियस यांनी 1948 मध्ये दाखवलं, की साका होण्याइतका क्षार नसतानाही प्रथिनं एखाद्या घन पदार्थाला चिकटतात. त्याच वर्षी त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल पारितोषिक मिळालं.

प्रयोगशाळेत आम्ही काचेची उभी नळी घेतो. तिच्यात ॲगरोजचे बारीक मणी भरतो. आपण खरवसासारख्या वड्या करायला जो चायना ग्रास वापरतो, त्यातलाच हा पदार्थ. फक्त या मण्यांना कार्बनच्या छोट्या तेलकट शेपट्या जोडलेल्या असतात. प्रथिनांच्या मिश्रणात अमोनियम सल्फेट घालायचं, तेच, जे शेतकरी खत म्हणून वापरतात, आणि ते नळीत सोडायचं. तेलकट प्रथिनं मण्यांना चिकटतात, बाकीची वाहून जातात. मग क्षार हळूहळू कमी करत न्यायचा. कमी तेलकट प्रथिन आधी सुटतं, जास्त तेलकट मागाहून.

शेपटी किती लांब असावी? इस्राएलच्या वाइझमन संस्थेत श्मुएल शाल्टिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 मध्ये स्नायूतल्या एका विकरावर हे तपासलं. एका कार्बनची शेपटी असताना विकर सरळ निघून गेलं. तीन कार्बनची असताना ते रेंगाळलं. चार कार्बनला ते थांबलं आणि सौम्य उपायांनी सुटलं. सहा कार्बनला मात्र इतकं घट्ट चिकटलं, की आम्ल वापरून घडी मोडल्याशिवाय सुटेना. आज रूढ असलेलं नाव पुढच्याच वर्षी उप्सालाच्या यर्टेन यांनी दिलं.

हे सगळं वाचलेलं असूनही मी विद्यार्थिदशेत चूक केलीच. बकऱ्याच्या यकृतातून एक विकर तीन आठवडे खपून अर्धवट शुद्ध केलं होतं. शीतकपाटात सगळं मिळून चहाच्या कपात मावेल एवढं द्रावण होतं. पकड जितकी मजबूत तितकं काम चोख, असं मानून मी आठ कार्बनच्या शेपटीचे मणी निवडले. विकर चिकटलं. क्षार शून्यावर आणला, तरी बाहेर येईना. रात्री दहा वाजता शेवटचा उपाय म्हणून इथिलीन ग्लायकॉल सोडलं. प्रथिन आलं, पण तपासलं तर त्याचं काम बंद पडलेलं. दुसऱ्या दिवशी सर म्हणाले, ‘‘आधी थोड्याशा नमुन्यावर पाहायचं होतंस.’’ आणखी काही बोलले नाहीत. मी पुन्हा खाटकाकडे गेलो.

म्हणून आता विद्यार्थ्यांना हे तंत्र शिकवताना मी हिरवं चमकणारं प्रथिन घेतो. ओसामू शिमोमुरा यांनी 1962 मध्ये ते एका जेलीफिशमध्ये ओळखलं. 2008 मध्ये त्यांना मार्टिन चाल्फी आणि रॉजर त्सिएन यांच्यासह नोबेल मिळालं. अतिनील दिवा लावला की नळीच्या माथ्याशी हिरवा पट्टा दिसतो. क्षार कमी केला की तो खाली सरकू लागतो आणि परीक्षानळीत थेंब थेंब चमकत पडतो. त्यातलाच थोडा भाग उकळत्या पाण्यात धरला की चमक जाते. घडी शाबूत आहे तोवरच उजेड, हे मुलांना वेगळं सांगावं लागत नाही.

कारखान्यात याच पद्धतीनं औषधी प्रतिपिंडांमधल्या गुठळ्या वेगळ्या काढता येतात. एकमेकांना चिकटलेले रेणू बहुधा जास्त तेलकट असतात, म्हणून मण्यांना अधिक धरून राहतात. त्या औषधात राहिल्या, तर रुग्णाचं शरीर औषधाविरुद्धच उठू शकतं. इंजेक्शनच्या त्या इवल्याशा बाटलीमागे असं पुष्कळ वेळा धरणं आणि वेळेवर सोडणं असतं. माझ्या त्या तीन आठवड्यांत मला फक्त धरणं जमलं होतं.