गाण्याखालची सही

(अंजूर येथील मेळाव्यात केलेले भाषण)



आम्ही बँकेतले कारकून, कलाशाखेचे पदवीधर. कायद्याचे पंडित नव्हे. तरी कॉपीराइट, म्हणजे स्वामित्वहक्क, हा विषय संयोजकांनी आमच्यावर सोपविला. विचार करू लागलो तेव्हा कळले, की हा विषय आपल्या विहाराच्या दारातलाच आहे.

काउंटरवर आम्ही रोज सह्या तपासतो. सही नसलेला चेक कितीही मोठ्या रकमेचा असो, तो परत जातो. गाण्यालाही अशी सही असते. आपले कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफतात. संतांच्या अभंगांपासून चालत आलेली ही नाममुद्रा लोककवी वामनदादा कर्डकांनीही जपली. कायदा माहीत नसलेल्या कवीचा तोच दस्तऐवज. म्हणूनच गाणे चोरणारा शेवटचे कडवे आधी गाळतो.

आमच्या लहानपणी कॅसेटचा जमाना होता. आमच्या ओळखीच्या एका शाहिराने काही गाणी एका कॅसेटवाल्याला दिली. हातावर थोडे रुपये पडले, कागद न वाचताच सही झाली. कॅसेट आली तेव्हा वेष्टनावर त्यांचे नाव नव्हते आणि नावाचे कडवेही नव्हते. जयंतीला तेच गाणे लाउडस्पीकरवर वाजले. शाहीर मंडपात बसून ऐकत होते, कोणाला काही बोलले नाहीत. आणि आम्ही पोरांनी काय केले? त्याच कॅसेटच्या प्रती काढून वर्गणीसाठी विकल्या! त्या पैशात शाहिरांचा वाटा असावा, असे आमच्यापैकी एकालाही सुचले नाही. अदिन्नादान म्हणजे न दिलेले घेणे. त्यापासून दूर राहण्याचे शील आम्ही त्याच मंडपात सकाळी घेतले होते.

मित्रहो, कायदा काय सांगतो ते थोडक्यात पाहू. आपला कॉपीराइट कायदा 1957 चा. रचना लिहिली, की हक्क जन्माला येतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही. लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतरच्या वर्षापासून पुढे 60 वर्षे तो टिकतो. पूर्वी ही मुदत 50 वर्षे होती, 1992 साली ती वाढविण्यात आली. परमपूज्य बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण 1956 साली झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या ग्रंथांवरील हक्काची मुदत 2016 अखेर संपली. आज ते ग्रंथ कोणीही छापू शकतो. मात्र छापता येते म्हणून त्यांचे शब्द बदलणे हा मोठाच अपराध होय. अण्णा भाऊ साठे 1969 साली गेले, त्यांच्या साहित्यावरील हक्क 2029 अखेरपर्यंत आहे. वामनदादा 2004 साली गेले, त्यांच्या गाण्यांवरचा 2064 अखेरपर्यंत.

एका गाण्यात अनेकांचे हक्क असतात. शब्द कवीचे, चाल संगीतकाराची, गायन गायकाचे, ध्वनिमुद्रण कंपनीचे. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर लेखी करार हवा. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. हक्क विकला तरी 'ही रचना माझी' असे म्हणण्याचा अधिकार कवीकडेच राहतो. आमच्या शाहिरांना हे कोणी सांगितले असते तर!

काही ठिकाणी मात्र हा कायदा अपुरा पडतो. आपल्या ठाणे-पालघर भागातील वारली चित्रकला कोणा एकाची नाही, पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. मग तिचा लेखक कोण, मुदत कुठून मोजायची? म्हणून तिला 2014 साली भौगोलिक मानांकनाचा आधार घ्यावा लागला. आता तर यंत्रच गायकाचा आवाज हुबेहूब काढते. गाणे नक्कल न करता नुसता गळाच उचलला, तर दाद कुठे मागायची? मुंबई उच्च न्यायालयाने 2024 साली अरिजित सिंग यांना आणि 2025 साली आशा भोसले यांना अशा बाबतीत संरक्षण दिले. पण गावोगावच्या गायनपार्टीतील गायकाने उच्च न्यायालयाची पायरी चढायची कशी?

त्याचा कोर्ट आपणच व्हायला हवे. खऱ्याखुऱ्या धार्मिक विधीत गाणे म्हटले वा वाजविले, तर कायदा आड येत नाही. त्या सवलतीत लग्नाची वरातही येते. तेव्हा गाणी बंद करा, असे आमचे सांगणे नाही. आमची विनंती एवढीच: गाण्याआधी कवीचे नाव माइकवरून घ्या, शेवटचे कडवे गाळू नका, मोबाइलवर गाणे पुढे पाठविताना नावही पाठवा, स्मरणिकेत कविता छापताना कवीची परवानगी घ्या. आणि गावातला कोणी कवी कागदावर सही करायला निघाला, तर त्याला आधी आमच्याकडे पाठवा. कायदा आम्हाला बेताचाच कळतो, पण सहीआधी कागद वाचायची सवय नोकरीने लावली आहे.

ते शाहीर आज हयात नाहीत. त्यांचा वाटा आता आम्ही कोणाला देणार? निदान पुढच्यांचा तरी बुडू नये, एवढेच सांगून आम्ही आपली रजा घेतो.

जयभीम! नमो बुद्धाय!