मरळीची रात्र

रात्री तळ्यावर बसायचं तर आधी ऐकायला शिकावं लागतं, श्रोतेहो. डोळ्यांचा तिथे फारसा उपयोग नसतो. अंधार पडल्यावर अर्धा तास नुसता गोंगाट वाटतो. बेडूक, रातकिडे, दूर रस्त्यावरचा ट्रक, कुणाच्या तरी शेतातली मोटर. मग हळूहळू एकेक आवाज सुटा होत जातो. चिलापी वर आली तर पावसाचा टपोरा थेंब पडल्यासारखं वाटतं. कटल्याने उसळी मारली तर धपकन होतं. आणि अधूनमधून, काठाच्या गवतापाशी, कुणी ओठ मिटून हवा सोडावी तसा 'फच्' असा आवाज येतो. तो आला की गळ टाकून बसलेली माणसं बोलता बोलता थांबतात. ती मरळ असते. हवा घ्यायला वर आलेली.

मरळीला कल्ले आहेत, पण ते तिला पुरत नाहीत. कल्ल्यांच्या वर, डोक्यात, तिला हवा धरून ठेवायची एक जागा असते. तोंडाने घोटभर हवा घ्यायची, ती तिथे साठवायची आणि पुन्हा खाली जायचं. थोड्या वेळाने परत वर. जाळ्यात अशी गुंतली की वर येताच आलं नाही, तर मरळ चक्क बुडून मरते. मासा बुडून मेला असं मी कवितेत लिहिलं असतं तर प्रतिमा ओढूनताणून आणली म्हणून कुणीतरी मला नक्की झापलं असतं. पण ते खरं आहे.

जामखेडच्या माणसाने मासेमारीवर बोलावं याचं तुम्हाला हसू येईल. आमचा तालुका बालाघाटाच्या डोंगराला टेकलेला, कमी पावसाचा. वर्तमानपत्रात आमचं नाव येतं ते टँकर आणि चारा छावण्यांच्या बातम्यांत. पण पाणी नाही म्हणूनच आमच्याकडे तळी आहेत. शहराला पाणी देणारा भुतवडा तलाव आहे, खैरीचा प्रकल्प आहे, आणि 1972च्या दुष्काळात हाताला काम म्हणून माणसांनी खडी फोडून, माती वाहून बांधलेले पाझर तलाव या सगळ्या टापूत विखुरलेले आहेत. गंमत अशी, की या कोरड्या मुलखातल्या थोर माणसांचं गोत्रही माशाशीच जुळलेलं. शेजारच्या आष्टी तालुक्यात सावरगावला मच्छिंद्रनाथांची समाधी, ज्यांनी माशाच्या पोटात राहून शंकराचा उपदेश ऐकला म्हणतात. पाथर्डी तालुक्यातल्या मढीच्या कानिफनाथांना आमची जुनी माणसं शाह रमजान माही सवार म्हणत आली. माही म्हणजे मासा. माशावर बसून आलेला तो माही सवार. एका स्थानाची ही दोन नावं, आणि त्यांवरून अलीकडे जे वाद चालतात त्यांविषयी आज बोलत नाही. आज माशांविषयीच बोलतो.

तळ्यावर रात्री दोन तऱ्हेचे लोक येतात. एक जाळंवाले. हवा भरलेल्या ट्रकच्या ट्यूबवर बसून ते संध्याकाळी जाळं लावतात आणि पहाटे काढतात. अंधाऱ्या पंधरवड्यात त्यांना मासा जास्त लागतो, कारण चांदण्यात माशाला जाळं दिसतं. दुसरे आम्हा गावकऱ्यांतले गळवाले. दिवसभर गॅरेजात, शिलाई मशिनवर नाहीतर वीटभट्टीवर राबलेली माणसं. तंगूस, शिशाचा तुकडा, गळाला टोचलेली बेडकी, काठाच्या मातीत रोवलेली काठी आणि काठीच्या शेंड्याला बांधलेलं घुंगरू. एवढाच सरंजाम. घुंगरू वाजलं की धाव. उन्हाळ्यात रात्रच बरी. दिवसा काठाचं उथळ पाणी तापून निघतं, मोठा मासा खोलात दडून बसतो आणि अंधार पडल्यावर शिकारीला काठाशी येतो. अंधारात तो बघून कमी आणि अंगाने जास्त ओळखतो. माशाच्या दोन्ही कुशींवरून डोक्यापासून शेपटीपर्यंत एक बारीक रेघ जाते. पाण्यातली जराशी हालचालही त्या रेघेला कळते. बेडकीने पाय झाडला की पुरे.

या तळ्यांत मासाही दोन तऱ्हेचा. कटला, रोहू, मृगल हे सोडलेले मासे. त्यांना अंडी घालायला नदीच्या पुराचं वाहतं पाणी लागतं, तळ्यात त्यांची पैदास होत नाही. 1957 साली 10 जुलैला डॉ. हिरालाल चौधरी यांनी इंजेक्शन देऊन माशांची वीण करून दाखवली, तेव्हापासून मत्स्यबीज हाताने तयार करता येऊ लागलं. आज तळ्याचा ठेका होतो, बीज विकत आणलं जातं, पिशव्यांतून तळ्यात सोडलं जातं. त्या माशांना मालक आहे, हिशेब आहे, पावती आहे. मरळीला यातलं काही नाही. तिला कुणी आणलेलं नाही. ती ओढ्याने आली, पुराने आली, तळं बांधायच्या आधीच्या डबक्यांतही होती. आणि ती बीज खाते, म्हणून ठेकेदाराच्या लेखी ती चोर. मत्स्यशेतीची पुस्तकंही बीज सोडण्याआधी मरळ काढून टाका असंच सांगतात. कागदपत्रं नसलेल्या रहिवाशाची बाजू घ्यायला कोण येणार?

पण तिची चिकाटी पाहा. 2012-13चा दुष्काळ आठवा, 2015-16चा आठवा, 2018-19चा आठवा. तळ्यांचे तळ उघडे पडले, भेगाळले. सोडलेले मासे आधी संपले. मरळ गाळात शिरून बसली. अंग ओलं राहील एवढा चिखल असला की ती वरची हवा घेत तग धरून राहते. पुढे पाऊस आला, तळी भरली, आणि कुणीही एक पिल्लू सोडलं नसताना गवतापाशी पुन्हा 'फच्' ऐकू आलं.

मला सांगायचं आहे ते मात्र पावसाळ्यातल्या रात्रींबद्दल.

मृगाचा पाऊस झाला, काठाचं गवत पाण्यात गेलं की मरळीची जोडी त्या गवतात वाटोळी जागा साफ करते. अंडी पाण्यावर तरंगतात. पिलं निघतात ती लालभडक. शेकडो पिलांचा एक गोळा पाण्यावर कुंकू सांडल्यासारखा हलत असतो आणि त्याच्या खाली आई आणि बाप दोघंही पहारा देतात. पिलांनाही हवेसाठी वर यावं लागतं, त्यामुळे हा गोळा लपत नाही. दिवसा लांबून दिसतो, रात्री बॅटरीच्या उजेडात तर फारच. मग काही जण गळ तळ्यात टाकत बसत नाहीत. ते थेट त्या लाल गोळ्यावर बेडकी नाचवतात. खालून मरळ येते आणि गळ तोंडात घेते. दोन किलोची मरळ पाच मिनिटांत काठावर. थोड्या वेळाने पुन्हा बेडकी नाचवली की जोडीदारही येतो.

भोई समाजातले एक म्हातारे नाना आमच्या तळ्यावर असतात. त्यांचं सगळं आयुष्य पाण्यात गेलेलं. एकदा मी त्यांना विचारलं, "नाना, पिलं असताना मरळ इतकी हावरी कशी होते हो?"

नाना म्हणाले, "हावरी न्हाई ओ भाई. भुकंनं न्हाई घेत ती. रागानं घेती. पिलांवर कोण आलं म्हून चावाया येती."

मी त्यानंतर मिळेल ते वाचलं, माहीतगारांना विचारलं. नानांचं म्हणणं खरं निघालं. एवढंच नव्हे, जगाच्या दुसऱ्या टोकालाही हाच प्रकार आहे. अमेरिकेत लार्जमाउथ बास नावाचा, मोठ्या जबड्याचा एक मासा आहे. आपल्या मरळीसारखाच दबा धरून शिकार करणारा. उन्हाळ्यात तिथले लोकही त्याच्यासाठी रात्रभर तळ्यावर बसतात. गळाला काळ्या रंगाचं खोटं आमिष लावतात, कारण खालून पाहणाऱ्या माशाला रात्रीच्या आभाळावर काळी आकृतीच उठून दिसते. त्या माशाचा नर उथळ पाण्यात शेपटीने खळगा करून अंड्यांची राखण करतो, आणि राखणीच्या दिवसांत तोही आमिषाला चिडून तोंड घालतो. तिथे या माशाच्या मोठमोठ्या स्पर्धा होतात. 1972 साली रे स्कॉट या स्पर्धा भरवणाऱ्या गृहस्थाने मासा मारू नका, जिवंत ठेवून परत पाण्यात सोडा, अशी चाल सुरू केली. आमच्याकडे माणसं सुकडीवर दिवस काढत पाझर तलावाची माती वाहत होती, तेच हे साल. पकडलेला मासा सोडून देण्याची चैन आमच्या वीटभट्टीवाल्याला कशी परवडावी? ते शिकवायला मी जाणार नाही. आणि गंमत म्हणजे राखणीवरचा बास पकडून परत सोडला तरी नेहमी उपयोग होत नाही. तो काठावर असतो तेवढ्या वेळात बाकीचे मासे अंड्या-पिलांवर तुटून पडलेले असतात.

आमच्याकडे मरळीला भाव चांगला. काटे कमी, मांस घट्ट, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला देतात, आणि हवेवर जगणारी म्हणून बाजारात घमेल्यात जिवंत मिळते. हैदराबादला मृगाच्या दिवशी दम्यावर औषध म्हणून मरळीचं जिवंत पिल्लू गिळायला देतात. पलीकडचा बीड जिल्हा 1948 पर्यंत निजामाचा होता, तेव्हा हैदराबाद या भागाला परकं नाही. औषधाचं खरंखोटं डॉक्टरांनी सांगावं. मला दिसतं ते एवढंच, की अंडं फुटल्यापासून मरळ कुणाच्या ना कुणाच्या तरी हिशेबात असते.

आमच्या घरी मासा आला की कसायाकडे जावं लागत नाही. मासा जिबहशिवाय हलाल. कोंबडी असो, बकरा असो, सुरी फिरवणाऱ्याला अल्लाहचं नाव घ्यावं लागतं, क्षणभर थांबावं लागतं. माशाच्या बाबतीत तो क्षण येत नाही. पाण्याबाहेर आला की संपलं. ही सवलत आहे आणि गरिबाच्या सोयीची आहे. पण तळ्यावर बसताना मला तो थांबण्याचा क्षण कधी कधी हवासा वाटतो.

जिलेटिन टाकून, विष कालवून मासे मारायला 1897च्या कायद्यापासून बंदी आहे. तरी आडबाजूच्या विहिरी-तळ्यांत स्फोट होतात, पाणी पांढरं होतं आणि लहानमोठं सगळं पोट वर करून तरंगतं. त्या मानाने बेडकी नाचवणारा साधा माणूस. त्याच्यावर कायद्याचा बडगा आणावा असं मी म्हणत नाही. म्हणतो ते एवढंच, की लाल गोळा दिसला तर तेवढे काही आठवडे तिथली मरळ राहू द्या. बाकी तळं मोकळं आहे. दहा महिने मोकळे आहेत. जोडी उचलली तर एका रात्रीत दोन मासे मिळतात आणि शेकडो जातात. त्यांच्या जागी विकत आणून सोडायला मरळीचं बीज आमच्या ठेक्यात कुणी घेत नाही.

मरळीला देव्हाऱ्यात बसवायचंही कारण नाही. थोड्या आठवड्यांत पिलांचा लाल रंग जातो, ती मातकट होतात, पांगतात. पुढे भेट झाली तर मोठी मरळ लहानीला खाऊनही टाकते. राग फक्त त्या लाल रंगापुरता असतो.

नाना बॅटरी वापरत नाहीत. ते ऐकतात. एका जागी दोन मोठे 'फच्' पाठोपाठ आले आणि मागून भांड्यातलं पाणी उकळायला लागावं तसा बारीक आवाज आला, की ते काही न बोलता काठी उपटतात, घुंगरू मुठीत धरतात आणि वीस-पंचवीस पावलं पुढे जाऊन बसतात. तिथे मग सकाळपर्यंत चिलापीच लागते.