ओळख आणि दाखला
(देवस्थानच्या विद्यार्थी गौरव समारंभातील भाषण)



एके काळी गरीब विद्यार्थी वार लावून जेवत असे. सोमवारी एका घरी पान मांडलेले, मंगळवारी दुसऱ्या. त्याला वाढणाऱ्या गृहिणीने त्याच्या पित्याच्या उत्पन्नाचा दाखला कधी मागितला नाही. तो कोणाचा कोण, त्याच्या घरची चूल कशी पेटते, हे साऱ्या गावाला ठाऊक असे. ओळख हाच दाखला होता.

आज साहाय्य करणारे हात मोठे झाले आहेत. परंतु ते दुरून देतात, आणि दुरून देणाऱ्यास कागदावाचून ओळख पटत नाही. बारावीत उत्तम गुण मिळविणाऱ्यांसाठी असलेल्या केंद्रीय शिष्यवृत्तीत पदवीच्या पहिल्या तीन वर्षांस दरसाल १२,००० रुपये मिळतात; अट अशी की कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांहून अधिक नसावे. २०२४ साली मंजूर झालेल्या पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांत प्रवेश मिळालेल्यास तारण व जामीन यांवाचून कर्ज मिळू शकते. गोव्यात शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजनाही आहे.

दुर्दैव असे की, ज्याला गरज अधिक त्याचाच अर्ज उत्पन्नाच्या रकान्यापाशी अडतो. पौरोहित्याची दक्षिणा, देवळासमोर विकलेल्या हारांचे पैसे, वाजंत्र्याची बिदागी, कुळागरातील रोजंदारी, यांची पावती कोण देतो? पगारपत्रक नाही, आयकराचे विवरणपत्र नाही. मग गोंधळलेला मुलगा रकान्यात 'शून्य' लिहितो. हे उत्तर सर्वांत घातक होय. शून्यावर कोणतेही घर चालत नाही, हे तपासणाऱ्यालाही कळते. खरी गरज असूनही अर्ज संशयास्पद ठरतो.

नोंद नसणे म्हणजे उत्पन्न नसणे नव्हे, आणि अपात्र असणे तर नव्हेच. करमर्यादेखालील उत्पन्नाचे विवरणपत्र न भरणे हा सामान्यतः अपराध नाही. अशा घरासाठी मामलेदार कचेरीचा उत्पन्नाचा दाखला आहे. तो अर्जदाराचे प्रतिज्ञापन आणि तलाठ्याची चौकशी यांच्या आधारे मिळतो. म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी एका वहीत बारा महिन्यांचा हिशेब मांडावा: जत्रेच्या दिवसांत किती आले, लग्नसराईत किती, पावसाळ्यात किती. मग प्रामाणिक बेरीज लिहावी. दाखल्याची मुदत मर्यादित असते. तो निकालाच्या गर्दीपूर्वी काढावा. दाखला, गुणपत्रिका, आधारपत्र आणि बँकेचे खाते यांवरील नाव अक्षरशः एक असावे. एका अक्षराच्या फरकानेही अर्ज अडून राहतो.

कर्जासाठी बँक बहुधा पालकाला सहकर्जदार करते आणि त्याच्या उत्पन्नाची चौकशीही करते. ज्यांची मुले आज आठवी-नववीत आहेत, त्यांनी मर्यादेखालील उत्पन्नाचेही विवरणपत्र दरवर्षी स्वेच्छेने भरावे. गरजेच्या दिवशी मागील वर्षांचा इतिहास निर्माण करता येत नाही.

येथे महाजनांचे कर्तव्य सुरू होते. गोव्यातील देवस्थाने १९३३ च्या नियमावलीने चालतात, आणि त्या नियमावलीप्रमाणे तालुक्याचा मामलेदार हाच देवस्थानांचा प्रशासक. म्हणजे जी कचेरी विद्यार्थ्याला दाखला देते, तीच देवस्थानच्या हिशेबावर देखरेख ठेवते. मग पुजारी, सेवेकरी, झाडलोट करणारी स्त्री, यांना वर्षभरात रोख आणि शिध्याच्या रूपाने काय दिले, याचे पत्र समितीने अध्यक्ष आणि खजिनदार यांच्या सहीने दरवर्षी एप्रिलात का देऊ नये? वेतन बँकेतून दिल्यास तो पुरावा आपोआप तयार होईल.

मात्र ते पत्र खरे असावे. परिचितावर उपकार म्हणून कमी आकडा लिहून देणारा मनुष्य खऱ्या गरजवंताच्या वाट्याचे साहाय्य दुसऱ्याच्या पदरात टाकतो. देवाच्या नावाच्या शिक्क्याखाली असे घडू नये.

महाद्वारात समई लावणाऱ्याची मुलगी गणितात पहिली येते, हे महाजनांना ठाऊक असते. शासनाला ते ठाऊक नसते. महाजनांची ती ओळख कागदावर उतरविण्यास एक पान आणि दोन सह्या पुरतात. येत्या प्रवेशकाळापूर्वी ते पान प्रत्येक सेवेकऱ्याच्या घरी पोचावे, हीच श्रीचरणी प्रार्थना.