महाडहून लॅन्सेटला



अबुधाबीतल्या मुसफ्फात भरलेल्या या मराठी आरोग्य परिषदेत सकाळपासून निबंध वाचणाऱ्या तरुणांपैकी बऱ्याच जणांनी चहाच्या वेळी मला एकच गोष्ट विचारली: निबंध छापणाऱ्या नियतकालिकाचा इम्पॅक्ट फॅक्टर किती असला म्हणजे बढतीला चालतो? प्रश्न रास्त आहे. बढती, पीएचडीची जागा, संशोधनाचा निधी, सगळं आज या आकड्यांपाशी अडतं. म्हणून आज त्याविषयीच बोलतो, आणि त्यासाठी तुम्हाला महाडला नेतो.

डॉ. हिंमतराव बावस्कर महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा कोकणात लाल विंचवाचा दंश म्हणजे घरातलं माणूस जाणार, अशीच भीती असे. गंभीर रुग्णांतले तीस-चाळीस टक्के दगावत. भातकापणी करणाऱ्या बाया, अनवाणी पोरं. बावस्करांनी रुग्णाच्या उशाशी रात्र-रात्र बसून घाम, नाडी, रक्तदाब, श्वास टिपून ठेवला. त्या टिपणांतून १९८२मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात निबंध आला. विषामुळे शरीरातली ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्यं उसळतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं, फुप्फुसांत पाणी भरतं. मग रक्तवाहिन्या सैल करणारी, रक्तदाबासाठी मिळणारी प्राझोसिनची स्वस्त गोळी का देऊ नये? त्यांनी ती दिली, आणि १९८६मध्ये लॅन्सेटनेच तो अनुभव छापला. पुढे मृत्यूचं प्रमाण एक टक्क्याच्या आसपास आलं.

मला याहून मोठं वाटतं ते २०११चं काम. बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी ७० रुग्णांची चाचणी प्रसिद्ध केली. निम्म्यांना नुसतं प्राझोसिन, निम्म्यांना त्याच्या जोडीला विंचवाच्या विषावरचं प्रतिविष. दहा तासांत पूर्ण बरे झालेले पहिल्या गटात ३५पैकी ८, दुसऱ्यात ३५पैकी ३२. ज्या औषधामुळे आपलं नाव झालं ते एकटं पुरेसं नाही, हे त्यांनी स्वतःच्याच हाताने सिद्ध केलं. प्रकाशनांची यादी वाचायची तर अशी वाचावी: आधीचा निबंध पुढच्याने कुठे दुरुस्त केला?

आता या कामाला सायटेशनचं, म्हणजे इतर निबंधांतल्या उल्लेखांचं, माप लावून पाहा. विंचूदंशावर संशोधन करणारे जगात मोजके. हृदयातल्या स्टेंटवर लिहिणारे हजारो. साहजिकच स्टेंटवरचा सामान्य निबंधही उल्लेखांत पुढे जातो. म्हणजे हा आकडा त्या विषयात किती संशोधक आहेत ते सांगतो. किती रुग्ण आहेत ते नव्हे. आणि गरिबांच्या आजारांत संशोधक अनेकदा कमी असतात. वाडीवरची परिचारिका प्राझोसिनची गोळी देते तेव्हा ती कुठे तळटीप लिहीत नाही.

यूजीन गारफिल्ड यांनी १९५५मध्ये संदर्भसूचीची कल्पना मांडली ती एका विचाराचा माग पुढे कुठवर गेला हे शोधण्यासाठी. इम्पॅक्ट फॅक्टर नियतकालिकांची तुलना करण्यासाठी आला. एकेका संशोधकाचं काम मोजणारा एच-इंडेक्स २००५मध्ये हर्श नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवला. नियतकालिकाचा आकडा माणसाला लावू नका, हे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या सॅन फ्रान्सिस्को जाहीरनाम्याने २०१२मध्येच बजावलं होतं. तरी आपण लावतो. मग आकड्यांसाठी निबंध काढायची चढाओढ लागते, आणि परिणाम समोर आहे. एकट्या २०२३मध्ये जगभरात दहा हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घ्यावे लागले.

मी आकड्यांच्या विरुद्ध नाही. डॉ. अभय आणि राणी बंग यांचा गडचिरोलीतला नवजात बालकांचा अभ्यास १९९९मध्ये लॅन्सेटमध्ये आला. गावातल्याच बायकांना शिकवून ३९ गावांत घरोघरी बाळांची काळजी घेतली आणि तिसऱ्या वर्षी नवजात मृत्यू साठ टक्क्यांहून अधिक घटले. जगभर त्याचे उल्लेख झाले, आणि २०११मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्तींमार्फत घरच्या घरी नवजात काळजीचा कार्यक्रम सुरू केला. इथे सायटेशन आणि उपयोग दोन्ही भेटले. पण निबंधाची किंमत मी त्या बाळांवरून ठरवेन.

आणि आपण कुठे बसलो आहोत? मुसफ्फात. या वर्कशॉपांच्या गल्ल्यांतून वेल्डर रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतंय म्हणत येतो, गॅरेजमधला मुलगा चेंगरलेलं बोट घेऊन येतो, उन्हात राबलेला गवंडी मुतखड्याच्या कळेने वाकून येतो. इथल्या कायद्याने १५ जून ते १५ सप्टेंबर भर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचं काम बंद असतं. त्या तीन महिन्यांत आपल्या दवाखान्यांत नेमकं काय बदलतं, हे आपल्याइतकं जवळून कोण पाहतं? आपण पाहतो, औषध देतो, आणि लिहीत नाही.

म्हणून मी नोंदींसाठी एका पानाचा नमुना सचिवांकडे दिला आहे. वय, कामाचा प्रकार, तक्रार कधी सुरू झाली, तपासणी, उपचार, आठवड्यानंतरची स्थिती. रुग्णाचं नाव नाही, मालकाचंही नाही. रुग्णाची संमती त्याला कळेल त्या भाषेत घ्यायची. अबुधाबीच्या आरोग्य विभागाच्या नियमांप्रमाणे नैतिकता समितीची परवानगी आधी, नोंदी नंतर. परवानगीचा अर्ज तयार करायला तीन जण हवेत, त्यात एक परिचारिका असावी असा माझा आग्रह आहे. जेवणाच्या सुट्टीत नावं द्या, म्हणजे पुढच्या १५ जूनपूर्वी नोंदी सुरू करता येतील.