नुसता आवाज नको, मतही हवे

(डोंबिवलीत मैत्रिणींच्या बैठकीत केलेले भाषण)



आपल्यापैकी बऱ्याचजणी आज लोकलने आल्या. पुढचे स्टेशन कोणते, हे गाडीत आपल्याला बाईचा आवाज सांगतो. फोन लागत नाही हेही बाईच सांगते. म्हणजे बाईच्या आवाजाची कोणाला अडचण नाही. पण गाडी उशिरा का आली, चूक कोणाची, हे तिने सांगायला सुरुवात केली तर? तिथे गाडी अडते. आवाज चालतो, मत चालत नाही.

याचे उदाहरण मी आज क्रिकेटमधून घेणार आहे. समालोचन म्हणजे नुसती धावसंख्या वाचणे नव्हे. कप्तानाचे काय चुकले, फलंदाज का फसला, आता काय करायला हवे, हे हजारो लोकांना सांगणे म्हणजे समालोचन. ते काम कितीतरी वर्षे पुरुषांचेच मानले गेले.

भारतातील पहिल्या महिला क्रिकेट समालोचक म्हणून चंद्रा नायडू यांचे नाव घेतले जाते. जन्म १९३३ चा. वडील सी. के. नायडू, नागपुरात जन्मलेले, होळकरांच्या इंदूरला स्थायिक झालेले, भारताचे पहिले कसोटी कप्तान. चंद्राताई इंदूरमध्ये इंग्रजीच्या प्राध्यापक होत्या, मुलींच्या सरकारी महाविद्यालयाच्या प्राचार्य म्हणून निवृत्त झाल्या. १९७७ साली इंदूरला मुंबई विरुद्ध एम.सी.सी. असा सामना झाला, तेव्हा त्यांनी समालोचन केले.

यातली गंमत बघा. इंग्लंडचा संघ तेव्हा दौऱ्यावर कसोटीखेरीजचे सामने एम.सी.सी. या क्लबच्या नावाने खेळत असे. १७८७ साली स्थापन झालेला हा लंडनचा क्लब. त्यात बायकांना सभासदत्वच नव्हते! ते मिळाले १९९८ साली. म्हणजे ज्या क्लबने बायकांना दाराबाहेर ठेवले होते, त्याच्या खेळाडूंचे काय चुकते ते इंदूरमध्ये एक बाई माइकवरून सांगत होती.

पण नुसत्या कौतुकावर थांबून चालणार नाही. चंद्राताईंकडे ज्ञान होते, भाषा होती, आणि घराण्याचे नावही होते. त्या नावाने दार उघडायला मदत झाली असणार. यात त्यांचा कमीपणा नाही. प्रश्न आपल्याला आहे. ज्या मुलीचा बाप रिक्षा चालवतो, तिच्यासाठी हे दार कोण उघडणार?

ते उघडले खेळणाऱ्या मुलींनी. १९७३ साली पुण्यात महिलांची पहिली आंतरराज्य स्पर्धा झाली, तेव्हा संघ होते अवघे तीन. १९७८ च्या विश्वचषकात भारताच्या कप्तान होत्या मुंबईच्या डायना एडलजी. बायकांचे क्रिकेट बी.सी.सी.आय.कडे गेले ते थेट २००६ साली, आणि सामन्याचे मानधन पुरुषांइतके करण्याची घोषणा झाली २०२२ साली. पुण्याची स्नेहल प्रधान भारताकडून गोलंदाजी करून आली, मग खेळावर लिहू लागली, समालोचन करू लागली. तिला आडनावाचा आधार नव्हता. स्वतः टाकलेल्या षटकांचा होता. मैदानावर जागा मिळाली की माइकसमोर बसायचा हक्क सांगता येतो, तो असा.

आता आपल्या घरात या. २ नोव्हेंबर २०२५ ची रात्र आठवा. विश्वचषकाचा अंतिम सामना आपल्याच ठाणे जिल्ह्यात, नेरूळला. पावसाने उशिरा सुरू झालेला, मध्यरात्रीपर्यंत चाललेला. कल्याणच्या एका वस्तीत आम्ही पंधरावीसजण एका टीव्हीसमोर होतो. दक्षिण आफ्रिकेची कप्तान वोल्वार्ट शतक करून उभी. धुणीभांडी करणारी एक ताई म्हणाली, "आता दीप्तीलाच आणायला पाहिजे." नवरा हसून म्हणाला, "तुला काय कळतंय? चहा ठेव." ताई उठली. ती आत असतानाच दीप्ती शर्माने वोल्वार्टला बाद केले. पुढे दीप्तीचे पाच बळी झाले, भारत ५२ धावांनी जिंकला. सगळे नाचले. पण ताईचे म्हणणे बरोबर होते, असे कोणी म्हणाले नाही. मीसुद्धा नाही. ते मला अजून बोचते.

कारण माझ्या कामातही हेच चालते. समुपदेशनाला आलेल्या बाईला सगळे विचारतात, "काय झाले ते सांग." मारले कधी, कशाने, कोणासमोर. ती सांगते, आम्ही लिहून घेतो. मग तिचा भाऊ, दीर, कधी पोलीस, कधी आम्ही कार्यकर्त्यासुद्धा ठरवतो, पुढे काय करायचे ते. "तुझ्या मते काय व्हायला हवे?" हा प्रश्न शेवटी येतो, किंवा येतच नाही. तिच्या आयुष्याचा सामना, आणि समालोचन दुसऱ्यांचे!

म्हणून दोन गोष्टी मागते. संध्याकाळी भागशाळा मैदानावर किंवा कल्याणच्या सुभाष मैदानावर जाऊन बघा, किती मुली खेळताना दिसतात. आपल्या मुलींना तिथे पाठवा, आणि सुरुवातीला आपणही सोबत जाऊन उभ्या राहा. दुसरी गोष्ट आजपासूनच करायची. घरात, मंडळात, सोसायटीच्या सभेत एखादी बाई मत देऊ लागली, तर तिचे वाक्य पुरे होईपर्यंत तिला चहाला उठू द्यायचे नाही.

चहा पाच मिनिटे उशिरा झाला तरी चालेल.