गर्भातील पोषण आणि उत्तरायुष्यातील बुद्धी
(सुवर्ण महोत्सवानिमित्त चिखला येथे झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मातेला क्लेश होऊ नयेत म्हणून भगवान महावीर गर्भात निश्चल राहिले. परंतु त्रिशलामाता व्याकुळ झाल्याचे जाणताच त्यांनी पुन्हा हालचाल केली, असे कल्पसूत्रात वर्णिले आहे. माता व गर्भ यांचे सुखदुःख एकच, हा त्याचा आशय.

आज विज्ञानही हेच सांगते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये भीषण उपासमार झाली. गर्भावस्थेच्या आरंभी तिची झळ लागलेली मुले साठीच्या जवळ आली, तेव्हा एकाग्रतेच्या चाचणीत ती इतरांहून मागे पडली.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ साली परिसरातील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. सुमारे दोन-तृतीयांश मातांच्या रक्तात जीवनसत्त्व ब-१२ कमी आढळले. ज्यांच्यात ते फारच कमी होते, त्यांची मुले नवव्या वर्षी अवधान व स्मरण यांच्या काही चाचण्यांत उणी ठरली. बुद्धी केवळ गर्भातच घडते असे नव्हे. परंतु पाया तेथेच पडतो.

मज्जातंतूंच्या आवरणासाठी ब-१२ आवश्यक असते. धान्य-भाज्यांत ते नसते. दुधात थोडे असते. मग शाकाहार सोडावा काय? मुळीच नाही. औषधातील ब-१२ सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने तयार होते, प्राण्यांच्या शरीरातून काढले जात नाही. कॅप्सूलच्या वेष्टनात मात्र जिलेटिन असू शकते; तेव्हा विचारून घ्यावे. त्याच खेड्यांतील तरुण पिढीला २०१२ पासून रोज अवघे २ मायक्रोग्रॅम ब-१२ देण्याचा प्रयोग झाला. पुढे केवळ ब-१२ घेतलेल्या गटातील मातांच्या बालकांची समज व भाषा अधिक विकसित आढळली.

गर्भाची मज्जानलिका पहिल्या २८ दिवसांतच मिटते. तोवर अनेकींना मातृत्वाची चाहूलही नसते. भूमिगत खाणीत छताला आधार आधी दिला जातो, पुढचे काम नंतर होते, हे चिखलावासीयांना सांगणे नलगे. त्याचप्रमाणे कन्येच्या रक्ताची तपासणी आणि वैद्यकीय सल्ल्याने ब-१२, लोह व फॉलिक आम्ल यांची पूर्तता विवाहापूर्वीच व्हावी.

अठ्ठाई करणाऱ्या सुनेचे कौतुक आपण करतो, ते योग्यच आहे. परंतु ती गर्भवती असेल, तर "यंदा उपवास नको, बाळ," हे शब्द प्रथम सासूबाईंच्या मुखातून यावेत. दोन जीवांची ती अहिंसाच होय.

जय जिनेंद्र!